तोंडाला तोंड लावलेली मडकी

ज्योतीनं बांगडी भिंगाखाली धरली आणि तशीच खाली ठेवली.

"ह्या कुणी घासल्या?"

"आम्हीच," भाईदास आबा खुर्ची पुढं ओढत म्हणाले. "चिंच लावून. फोटोत उठून दिसाव्या ना, मॅडम! उद्या पेपरवाले येतील."

ओट्यावरच्या ताटात तांब्याच्या सहा बांगड्या लखलखत होत्या. कालच बाजारातून आणल्यासारख्या. सोनगीरच्या पुढं आबांच्या शेतात ठिबकची चारी खणताना त्या निघाल्या होत्या. देवपूरच्या एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवणाऱ्या ज्योतीला तहसीलदारांनी त्यांचा काळ ठरवायला पाठवलं होतं.

"ह्यांच्यावर हिरवा थर होता. त्यात माती होती, कदाचित सुताचा ठसाही होता. तेच तर वाचायचं असतं, आबा. तुम्ही ते मोरीत सोडलंत!"

"मळ होता, मॅडम."

"मळ नव्हता!"

ओसरीवरची माणसं वळून बघू लागली. ज्योतीनं मोजपट्टी उचलली. आतला व्यास चार सेंटिमीटर. सहाही बांगड्यांचा तेवढाच. तिनं आकडे वहीत खरडले.

"सोबत काय होतं? खापरं, कोळसा, हाडं?"

"काहीच नव्हतं."

"जागा दाखवा."

"चारी तर बुजवली. पाइप टाकून झाले." आबा हसले. "पण लिहा तुम्ही, पाच हजार वर्षं. गावाचं नाव होईल."

ज्योती उठली आणि तरातरा शेताकडं निघाली.

कपाशीत एक म्हातारी तण निंदत होती. तानुबाई. चारी खणायला तीच होती, असं वाटेत कुणीतरी सांगितलं होतं. ज्योतीनं बांधावरूनच विचारलं,

"अक्का, बांगड्या तुम्हालाच सापडल्या ना? नुसत्याच होत्या का?"

तानुबाईनं मान वर केली नाही.

"दोन मडका व्हतात. तोंडले तोंड लायेल."

ज्योती बांधावरून उतरून तिच्याजवळ गेली. तोंडाला तोंड लावलेली, आडवी निजवलेली मडकी! तीन हजार वर्षांपूर्वी या भागातली माणसं आपली गेलेली लेकरं तशीच पुरत. मडकी मिळाली, तर काळ ठरलाच.

"मग ती गेली कुठं?"

"आबा बोलनात, बांगड्या काढी ले, खापरं नालामा फेकी दे." म्हातारीचा विळा तणाच्या मुळाशी खसकन बसला. "आतमा ल्हान जीव व्हता. बांगड्या हातमाच व्हत्यात. त्यासनी वढी काढ्यात. मी नही फेकं. बठ्ठं गोळा करं अनि दुसरीकडे गाडी दिधं."

"पुन्हा पुरलंत? मग हे पंचनाम्याच्या वेळी का नाही सांगितलंत?"

आता तानुबाईनं विळा खाली ठेवला. डोळे लाल झाले होते.

"कोनी इचारं? तलाठीनी बांगड्या मोज्यात. तुमी बी बांगड्यासनंच वय इचारी राह्यनात. पोरनं वय कोनी इचारं का?"

चार सेंटिमीटर. ज्योतीनं तासाभरापूर्वी तो आकडा सहा वेळा लिहिला होता.

"दोन-अडीच वर्षांचं असेल," ती हळूच म्हणाली.

"मंग आईना अंगावरनंच पेत व्हई," तानुबाई स्वतःशी बोलल्यासारखं बोलली.

वारा कपाशीतून सळसळत गेला. ज्योतीनं विचारलं, "जागा दाखवाल?"

"दखाडसू. पन आधी तुमी सांगा. त्या पोरले नेईसन कोठे ठेवशात?"

ज्योतीला कॉलेजातली जुन्या वस्तू ठेवायची खोली आठवली. लोखंडी मांडण्या, प्लास्टिकचे ट्रे, त्यांवर क्रमांकांच्या चिठ्ठ्या, कोपऱ्यात उंदरांच्या गोळ्या. तिनं हातातली वही मिटली. तानुबाईनं ते पाहिलं, विळा उचलला आणि पुढच्या ओळीला लागली.

ओसरीवर चहा गार झाला होता. आबांनी तहसीलदारांचा छापील फॉर्म पुढं सरकवला.

"काय म्हणाली म्हातारी? तिला काही कळत नाही, मॅडम. नुसतं मातेरंच होतं, मीच फेकायला लावलं."

ज्योतीनं त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांचा हात कपाकडं जाता जाता थांबला. खरं एक वाक्य लिहिलं असतं, तर हा माणूस इथंच उघडा पडला असता. आणि उद्या सकाळी त्या लेकरासाठी शेतात कुदळी लागल्या असत्या.

'सोबत सापडलेल्या वस्तू' या रकान्यात तिनं लिहिलं, 'नाही'. काळाच्या रकान्यात, 'ठरवता येत नाही'.

पेन इतकं दाबलं गेलं होतं की खालच्या कोऱ्या कागदावरही 'नाही' उमटलं.