नवीन वस्तू सापडली

नव्या कॉम्प्युटरवर मी जुनी सिस्टीम चढवली आणि घरातला फ्रीज गेला. सिस्टीम अठ्ठ्याण्णव सालची, फ्रीज नंतरचा. पडद्यावर चौकट आली: नवीन वस्तू सापडली. ओळखता येत नाही, काढून टाकत आहे. खाली एकच बटण, 'ठीक'. मी दाबलं. दुधाचं पातेलं जमिनीवर राहिलं.

विट्याला आमचा लग्नपत्रिका छापायचा धंदा. नव्या फॉन्टातली 'श्री' मला उपाशी दिसते. माझ्या मुलीची, मृण्मयीची पत्रिका जुन्याच फॉन्टात निघणार हा माझा हट्ट, आणि तो फॉन्ट जुन्या सिस्टीमशिवाय चालत नाही. दुरुस्तीवाला पोपळे म्हणाला होता, "काका, घोळ होईल." म्हटलं, तू तुझं काम कर.

दुपारपर्यंत माउस गेला, प्लग गेला, मशीन तरी चालूच. मागची खोली जाऊन तिथे पूर्वीचं पेरूचं झाड आलं. चौकट आली की मी कीबोर्डावर बोट आपटायचो. कुठलंही बटण चालत होतं. खरं सांगायचं तर घर बरं दिसायला लागलं होतं.

चार वाजता मृण्मयी चहा घेऊन आली. पडद्यावर चौकट उघडली.

मी कीबोर्डावरून हात उचलला. मृण्मयीचा जन्म दोन हजार एकचा.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. कशाला हात लावू नकोस."

तिने चहा टेबलावर ठेवला. कप जुना होता, तो राहिला.

बायको दारात आली. आमचं लग्न शहाण्णवचं. "अहो, या कोण? पत्रिका छापायला आल्यात का?"

"प्रमिला, अगं आपली मृण्मयी."

"आपल्याला कुठे मूलबाळ," ती हळूच म्हणाली. परक्यांसमोर ती तसंच बोलते.

मृण्मयीने पडद्यावरची चौकट वाचली. मी दोन्ही हात काखेत घट्ट धरले. बटण दाबलं नाही तोवर ती होती.

"मला नवा फॉन्टसुद्धा चालला असता, बाबा."

"चुकलंच माझं."

"किती वेळ असं बसणार?"

"बसेन."

"घरात पाहुणे आणि ही धूळ बघा," म्हणत प्रमिलाने पदर खोचला आणि ओलं फडकं घेऊन कीबोर्डाकडे आली. मी उठून तिचा हात धरला. फडकं दुसऱ्या हातात होतं.