वेंकटरावांना न पटलेला ताल

मित्रांनो, मी एक जुना, पोटऱ्या दाबणारा पंप आहे. तुम्ही मला ओळखत नसाल. त्याचं मला नवल नाही. तुम्हाला मिक्सर तेवढा ओळखता येतो.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, आयुष्य तंजावरच्या इस्पितळात चाललंय. एक मोटर, दोन नळ्या आणि रोग्याच्या पोटऱ्यांना गुंडाळायचे दोन पट्टे, एवढाच माझा देह. पट्ट्यांत हवा भरायची, सोडायची. माणूस पडून राहिला की पायातलं रक्तही त्याच्यासारखंच आळसावतं आणि त्याची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली की माणूस दगावू शकतो. ते टळावं म्हणून मी फुसफुसतो. इथे कौतुक झालं ते फक्त माझ्या खोक्याचं. त्यात आता कोणाच्या तरी कोंबड्या राहतात.

मग रघुपती आला. त्याच्या स्वादुपिंडाला सूज होती. हा अवयव जठरामागे बसलेला असतो आणि सुजेपर्यंत त्याची कोणी विचारपूस करत नाही. सुजला की रक्त गोठायची भीती आणखी वाढते. पण पोटात रक्तस्राव होत असल्याची शंका होती, म्हणून गुठळ्या रोखायचं इंजेक्शन डॉक्टरांनी थांबवलं होतं. तोवर भिस्त माझ्यावर.

उशाशी त्याचे थोरले भाऊ वेंकटराव, तिरुवैयारुचे गायन शिक्षक. या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहून मराठी जपली, गाणं जपलं. पोटऱ्या जपायचं तेवढं राहून गेलं.

"अखिला, ऐकतेस?" मांडीवर ताल धरत ते पुतणीला, रघुपतीच्या मुलीला, म्हणाले. "हे समेवर येतच नाही गं! आदि ताल चाललाय, आणि हे शेळी शिंकल्यागत मधेच फुस्स!"

"पेरियप्पा, ते मशीन आहे," अखिला थोरल्या काकांना म्हणाली.

"मशीन असलं म्हणून लाज नको?"

अखिला कॉफी आणायला गेली आणि यांनी माझा प्लग उपटला.

"बरं वाटलं, अण्णा," रघुपती म्हणाला. मूर्खांचं एकमत किती लवकर होतं!

पुढे तोच रिवाज पडला. नर्स भुवना किंवा अखिला येताना दिसली की हे विद्वान प्लग लावायचे, ती गेली की काढायचे. त्यात मात्र त्यांचा ताल एकदाही चुकला नाही.

एका सकाळी रघुपतीने पाय खाली सोडले. डाव्या पायात चप्पल जाईना.

"अप्पा, पाय असा का सुजलाय?" अखिला ओरडलीच.

तपासणीत निघाली गुठळी. फुप्फुसापर्यंत पोचली नव्हती, अजून. वेंकटरावांचं तोंड उतरलं. सगळं सांगून टाकलं त्यांनी, आणि स्वतःच माझा प्लग उचलला.

"लावा, सिस्टर. कसाही वाजू दे!"

भुवना माझे पट्टे सोडत होती. "आता नको, सार. गुठळी झाल्यावर दाबायचं नसतं. सुटून वर जाईल."

"मग?"

"रक्तस्राव नाही हे कळलंय. इंजेक्शन सुरू होतंय. आता बघत राहायचं."

मला कोपऱ्यात ठेवलं. वेंकटराव खुर्चीत बसले आणि भावाच्या छातीकडे बघत राहिले, वर, खाली, वर. मांडीवरचा हात थांबला होता.

रघुपती वाचला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो अखिलाच्या आधाराने व्हरांड्यात चालू लागला. एक पाऊल लांब, एक आखूड, तिसरं हवेतच. समेचा कुठे पत्ता नाही. मागून वेंकटराव चालत होते, दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून.

"बघ, किती छान चाललाय," ते म्हणाले.

मित्रांनो, माझा आवाज सोसत नसेल तर भुवनाकडे कापूस मागा आणि कानात घाला. प्लगला तेवढा हात लावू नका.