थँकफुलच्या घरची चूल

अनिका फक्त गाडीत झोपायची. पाळण्यात घाला, खांद्यावर टाका, अंगाई म्हणा, डोळे टक्क उघडे. म्हणून दुपारची जेवणं उरकली की आश्लेषा तिला मागच्या कारसीटमध्ये बांधायची आणि गावातून चकरा मारत राहायची. लेकीची मान कलली की सावली बघून गाडी उभी करायची, इंजिन मात्र चालूच ठेवायचं, कारण घरघर थांबली की पोर जागी झालीच. मग स्टिअरिंगवर किराण्याच्या कुपनांचा कागद उलटा धरायचा आणि लिहायला लागायचं.

न्यू जर्सीत एडिसनला होते तेव्हा असं चोरून लिहावं लागत नव्हतं. खरं तर लिहावंसंही वाटत नव्हतं. तिथे ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत कोथिंबीर आणायला गेलं तरी चार ओळखीची माणसं भेटायची आणि खालच्या मजल्यावरची वीणा दिवसातून दोनदा चहाला वर यायची. पण शंतनूला बॉस्टनच्या उत्तरेला नवी नोकरी लागली आणि २००५च्या वसंतात ते या गावात आले. गाव देखणं होतं, शांत होतं, आणि आश्लेषाला तिथे चिटपाखरूही ओळखत नव्हतं. नोकरी करावी तर तिच्या व्हिसावर तशी परवानगी नव्हती. शंतनू सकाळी अंधारात निघायचा तो रात्री जेवायला उगवायचा.

झाडाची सावली चांगली म्हणून ती रोज एका काळ्या लाकडी घरापुढे थांबायची. घर साडेतीनशे वर्षांचं, खिडक्या इवल्या इवल्या, दारावर म्युझियमची पाटी. एके दुपारी तिच्या काचेवर टकटक झाली. बाहेर घोळदार झगा आणि पांढरी टोपी घातलेली एक म्हातारी बाई उभी. आश्लेषाने घाईघाईने सॉरी म्हणून गिअरला हात घातला, पण बाई गाडी हलवायला सांगत नव्हती. ती अगदी हळू आवाजात विचारत होती, "रोज बघते तुला. घरी जायची भीती वाटते का, हनी? मदत हवी आहे का?"

बाईचा काय समज झालाय ते कळलं आणि आश्लेषाला कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. नवरा बिचारा मुंगीलाही मारत नाही, मी इथे कविता लिहायला थांबते, असं तिने सांगून टाकलं.

"कविता?" बाईने टोपी मागे सारली. "मग अगदी बरोब्बर दारात आलीस की."

बाईचं नाव डोरथी. त्या घराची माहिती सांगायचं काम ती हौसेने करायची, तो पोशाख त्यासाठीच. अनिका उठल्यावर तिने दोघींना आत नेलं. आत एक चूल होती, तिच्या आत माणूस वाकून उभं राहील एवढी मोठी. या चुलीपाशी थँकफुल नावाची बाई राहायची, डोरथी सांगत होती. तेव्हा इथे कडक धर्माची माणसं. मुलींची नावंसुद्धा अशी ठेवायची की हाक मारताच कर्तव्य आठवावं. बाईने चर्चमध्ये तोंड उघडायचं नाही. लिहिलंच तर देवाबद्दल, नवऱ्याबद्दल, नाहीतर गेलेल्या लेकरांबद्दल. थँकफुलची चार गेली होती, म्हणून तिला बरंच लिहिता आलं, असं डोरथी म्हणाली.

तिच्या कविता पुढे पाद्रीबुवांनी छापवल्या. पण कवितांच्या आधी स्वतःचं एक पान जोडलं. ही बाई सुशील आहे, पतीच्या आज्ञेत आहे, आणि लिहिण्यापायी हिच्या घरची चूल एक दिवसही विझलेली नाही, याची ग्वाही मी देतो.

"हे पान जोडायचं का, असं तिला विचारलं होतं कोणी?" आश्लेषाने विचारलं.

"कोणालाच ठाऊक नाही," डोरथी म्हणाली. "पण ते पान नसतं तर कविता छापल्याच नसत्या, आणि आज आपण तिचं नाव घेत नसतो."

त्यानंतर आश्लेषा आठवड्यातून दोनदा तरी आत जाऊ लागली.

सप्टेंबरात महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणाला शंतनूने कौतुकाने सांगून टाकलं की आमची आश्लेषा कविता करते. मंडळाचा दिवाळी अंक एकनाथकाका काढायचे. गृहस्थ प्रेमळ, तीस वर्षं या देशात काढूनही शुद्ध मराठीसाठी भांडणारे. त्यांनी जागच्या जागी कविता मागितली. आश्लेषाने कुपनांवरची कविता टाइप करून धाडली आणि पुण्याला आईला फोन करून सांगितलंही, या वर्षी अंकात मी असणार आहे. आई रडलीच. कॉलेज सुटल्यापासून लेकीचं काही छापून आलं नव्हतं.

काकांचा फोन आला तो दुपारी, ती त्याच झाडाखाली थांबलेली असताना. कविता फार आवडली म्हणाले. फक्त शेवटच्या तीन ओळी गाळतोय, आणि वर छोटासा परिचय टाकतोय. मग त्यांनी तो वाचून दाखवला: "संसारात आणि चिमुकल्या अनिकाच्या संगोपनात कुठेही कमी न पडता, पतीच्या प्रोत्साहनाने, सौ. आश्लेषा फावल्या वेळात काव्यलेखन करतात."

आश्लेषाच्या डोळ्यांपुढे ती चूल उभी राहिली.

"काका, हे सगळ्यांना लिहिता?"

"सगळ्या बायकांना लिहितो. किती वर्षं लिहितोय."

"आणि पुरुषांना?"

"पुरुषांचं काय लिहायचं? त्यांची कंपनी लिहितो."

ओळी का गाळायच्या, हे विचारल्यावर काका जरा चाचरले. अगं, लोक शंतनूला विचारतील ना, म्हणाले. रविवारी अंक छापायला जातोय, तोवर सांग.

रात्री तिने कविता शंतनूपुढे ठेवली. त्याने ती तोवर वाचलीच नव्हती. वाचता वाचता तो शेवटाशी थांबला.

*इंजिन बंद झालं की तू जागी होतेस,*
*म्हणून मी थांबूनही थांबत नाही.*
*दिवसभर या गावात मला नावाने हाक मारणारं*
*कोणी नाही,*
*आणि तुला अजून माझं नाव माहीत नाही.*

"मी नाही का हाक मारत?" तो म्हणाला.

"घरी असतोस तेव्हा मारतोस."

तो उठून ताटं धुवायला लागला. पाठमोराच म्हणाला की ओळी हव्या तर ठेव, मी सांगतो काकांना, लोक विचारतील त्याचं मी बघतो. पण वरचं ते परिचयाचं राहू दे ना, चांगलंच लिहिलंय की, त्याने कोणाचं काय बिघडतं? तो दुखावला होता, आणि चांगलाही वागत होता. त्यामुळे तिला भांडताही येईना.

बिघडत काहीच नव्हतं. अंक पुण्याला गेला असता, आईने शेजारीपाजारी दाखवला असता. शनिवारपर्यंत आश्लेषा स्वतःला हेच समजावत होती. थँकफुलनेही असंच समजावलं असेल, पाद्रीबुवांचं पान तर पान, माझं लिहिलेलं त्यामागे आहे ना. की तिला कोणी सांगितलंच नसेल, आणि छापून हातात आल्यावर ते पान तिने चुलीच्या उजेडात वाचलं असेल? शनिवारी दुपारी, अनिकाची मान कलल्यावर, तिने काकांना फोन लावला. पूर्ण कविता छापा आणि वर काही लिहू नका, नाहीतर राहू द्या, म्हणाली.

काका म्हणाले, "अंक सगळ्यांचा असतो गं. एकीचा परिचय गाळला तर बाकीच्या काय म्हणतील? एवढ्याशा गोष्टीसाठी हट्ट करतेस."

"थँकफुलला कोणी विचारलं असेल की नाही, ठाऊक नाही. मला तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतेय."

"कोण थँकफुल?"

"आमच्या गावातली आहे एक."

बरं, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून काकांनी फोन ठेवला. त्यांचा आवाज खरंच खट्टू झाला होता. आता आईलाही फोन करून सांगावं लागणार होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घर हिवाळ्यासाठी बंद व्हायचं होतं. डोरथी मुलीकडे फ्लोरिडाला निघाली होती. निरोप घ्यायला गेलेल्या आश्लेषाने चुलीपाशी उभं राहून कविता वाचून दाखवली, मराठीतच. डोरथीने डोळे मिटून ऐकली आणि शेवटच्या ओळींचा अर्थ विचारला. आश्लेषाने सांगितला तशी म्हातारी ओशाळली.

"आणि मी इतके दिवस तुला हनी हनी करतेय. खरं नाव काय तुझं?"

सांगितल्यावर तिने ते घोळवून पाहिलं. आश-लिशा. अ‍ॅश-लेशा. चूक झाली की पुन्हा म्हणायची, शाळेतल्या मुलीसारखी. खाली जमिनीवर बसलेली अनिका तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

दिवाळीच्या कार्यक्रमात अंक मिळाला, तिच्या कवितेविना. शंतनूने तो दोनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला आणि पिशवीत ठेवला. त्या रात्री ती झोपेपर्यंत तो तिच्याशेजारी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधारात गेला.

मग बर्फ पडला. सावलीची गरज नव्हती, तरी आश्लेषा त्याच झाडाखाली थांबायची. समोरच्या दाराला कुलूप, पायऱ्यांवर एकही पाऊल उमटलेलं नाही. गावात कोणीच नसल्यासारखं. एका दुपारी तिने कुपनं उलटी केली, पेन उघडलं, आणि झोपली आहे असं वाटत होतं ती पोर मागून बोलली. अगदी डोरथीच्या सुरात, घोळवून.

"आश-लिशा."

आश्लेषाने पेन मिटलं. इंजिन चालूच होतं.

"ओ," ती म्हणाली.