नळी आणि डबा

माझे सासरे धाकू नऊ वर्षं घरीच पोटाचं डायलिसिस करत होते. दिवसातून चार वेळा पोटात औषधी पाणी सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं. नाहूरच्या आमच्या वन बीएचकेतली बेडरूम त्यासाठीच दिलेली. मी कधी कुरकुर केली नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल.

यंदा त्या पोटाने दगा दिला. आतलं आवरण जाड होऊन आतड्यांना आवळून बसलं. दोन घास खाल्ले की उलटी. वजन एकोणसाठवरून एकेचाळीसवर आलं. डॉक्टरांनी त्यांना अॅडमिट करून मशीनच्या डायलिसिसवर घेतलं. ऑपरेशन लागणार होतं, पण अंगात काहीच नसताना हात लावणार नाही म्हणाले. आहारतज्ज्ञ शर्मिष्ठा मॅडमनी सरळ सांगितलं की दोन महिने नाकातून नळी घालून पातळ आहार हळूहळू द्यायचा, दुसरा मार्ग नाही.

बाबा नाही म्हणाले. सिद्धेश, माझा नवरा, विनवण्या करून थकला. मॅडमनी तीन दिवस समजावलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. दुपारी मात्र उठून बसायचे, पेज मागायचे, चार चमचे गिळायचे आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वतःचा डबा घेऊन पॅसेजमध्ये जेवायला गेल्या की ओकायचे. भांडं मी धरायचे. म्हातारा हट्टी आहे, एवढंच मला कळत होतं, आणि माझं डोकं फिरलं होतं.

चौथ्या दिवशी आई नळावर हात धुवायला गेल्या तेव्हा मी विचारलंच, "बाबा, मरायचंय का तुम्हाला?"

ते दरवाजाकडे बघत हळूच म्हणाले, "नाकातसून गेला तेका जेवाण म्हणतत? मी जेवलंय नाय, तर ही जेवची नाय."

चव्वेचाळीस वर्षांत आई त्यांच्याआधी कधी जेवल्या नव्हत्या. त्यांना मिलमधून यायला उशीर झाला तरी ताट झाकून बसायच्या. नवी नवरी असताना मी याचं कौतुकही केलं होतं. म्हणजे हा माणूस बायकोच्या पोटात अन्न जावं म्हणून रोज चार चमचे गिळून ओकत होता, आणि नळीही त्याचसाठी नाकारत होता. मला माझीच लाज वाटली.

आई आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, स्टूल बाबांसमोर ओढलं, डबा उघडून मांडीवर ठेवला. भात आणि बांगड्याचं तिखलं. म्हटलं, "आधी तुम्ही जेवा. इथेच."

त्या रडतील असं वाटलं होतं, पण रडल्या नाहीत. नवऱ्याकडे न बघता पहिला घास घेतला. मी पाणी दिलं. मग खाली मान घालून सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवल्या.

बाबा सगळा वेळ त्यांचा हात बघत होते. मध्येच विचारलं, तिखल्यात तिरफळं घातली होतीस ना. आईंनी भरल्या तोंडाने मान हलवली.

डब्याचं झाकण लागलं तेव्हा बाबा उशीला टेकले.

"जेवलंस ना?" ते म्हणाले. "आता मॅडमांका सांग, घाला ती नळी."