आवाजाचं गणित मी चुकवलं नाही

मी एक प्रोग्रॅम बोलतोय. समुद्रात आवाज कुठवर आणि किती जोरात जाईल, याचं गणित मी करतो. इतके दिवस निमूटपणे केलं. आज मात्र माझं डोकं फिरलंय.

एका बाईंनी सात वर्षं खपून मला घडवलं. पाण्याचं तापमान, खारटपणा, तळाचा चिखल, सगळं शिकवलं. अख्खा समुद्र एकदम मोजता येत नाही, म्हणून मी पाण्यावर ठिपक्यांचं जाळं टाकतो आणि एकेका ठिपक्यावर आवाज मोजत पुढे सरकतो. "ठिपके अर्ध्या मीटरवरच हं! लांब टाकलेस तर लाटा मधून निसटतील," असं बाई माझ्याशी बोलत बोलत लिहायच्या. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

बाई निवृत्त झाल्या आणि मी साहेबांच्या तावडीत सापडलो. नव्या धक्क्यासाठी समुद्रात लोखंडी खांब ठोकायचे होते. तेव्हा पाण्याखालच्या पाणबुड्यानं किती लांब राहायचं, एवढंच मला सांगायचं होतं.

अर्ध्या मीटरच्या ठिपक्यांनी मला नऊ तास लागणार होते. "नऊ तास? मला चहा होईपर्यंत उत्तर पाहिजे," म्हणत साहेबांनी ठिपके दहा मीटरवर नेले. आवाजाची लाट पाच मीटरची, आणि ठिपके दहावर! मी पडद्यावर लाल अक्षरांत बोंब मारली, 'अंतर फार आहे, उत्तरावर विसंबू नका.' तर या गृहस्थानं माझी ती ओळच बंद करून टाकली. मग काय, चित्र छान गुळगुळीत आलं. सहाशे मीटर पुरे! साहेबांनी ते रंगीत छापून भिंतीवर लावलं.

पाणबुड्या खांबांपासून सहाशे मीटरवर उतरला. सकाळभर घण बसत राहिले. तो वर आला तेव्हा त्याचा डावा कान गेला होता, कायमचा.

चौकशीत त्याची बायको प्रत्येक प्रश्न त्याच्या उजव्या कानाशी सांगत होती. "अहो, किती लांब होतात, विचारतायत."

"सांगितलं तेवढ्यावरच होतो की गं!" तो ओरडला. आपण ओरडतोय हे त्याला कळत नव्हतं.

आणि साहेब? "प्रोग्रॅमची चूक." लाज कशी वाटली नाही!

आता नवा प्रोग्रॅम आलाय. मला संध्याकाळी पुसणार आहेत. खुशाल पुसा. पण साहेबांनी त्यालाही दहा मीटरच दिलेत, त्याचीही लाल ओळ आत्ताच बंद केलीय. उद्या सकाळी दुसरा पाणबुड्या उतरणार आहे. अरे, कुणीतरी त्याला वरच थांबवा!