उभ्याचा फोटो

छातीचा फोटो काढताना ताई प्रत्येकाला तेच सांगायची: श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. आणि समोरच्याने श्वास धरला की तेवढ्यात मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची. इस्पितळात नोकरीला लागल्यापासूनचा नेम होता तो.

धाकटा भाऊ आला तेव्हाही तिने नाव घेतलं. तो फरश्या घासायच्या कारखान्यात कामाला. अंगावरची पांढरी धूळ झटकली तरी खोकला काही झटकला जात नव्हता. बायकोने जवळजवळ ओढतच आणलं होतं. "फोटोत काही निघालं तर कारखाना सोडायचा," असं कबूलही करून घेतलं होतं.

आल्या आल्या तो बाकावर आडवा झाला. अशांसाठी चाकांवरचं मशीन होतं, खाटेजवळ नेऊन पडल्यापडल्या फोटो काढायचं. पण तो फोटो जरा धुरकट येतो. आपल्या भावाचा फोटो असा कशाला? ताईने त्याला काखेत हात घालून उठवलं आणि भिंतीवरच्या पाटीला छाती टेकवून उभं केलं.

"लग्नातसुद्धा इतका ताठ उभा नव्हतो गं."

"बोलू नकोस. श्वास घे. धर."

फोटो आरशासारखा लख्ख आला.

इस्पितळात फोटो आता आधी संगणक बघायचा. छातीचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, संगणकाने लाल खूण केलेलेच फोटो उघडायचे. इथलेच हजारो जुने फोटो दाखवून त्याला रोग ओळखायला शिकवलं होतं. भावाच्या फोटोवर हिरवी खूण आली.

"बघ, तुझ्यापेक्षा समजूतदार आहे," भाऊ बायकोला म्हणाला. ताईने हात जोडले. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला.

थंडी सरता सरता त्याला उचलूनच आणावं लागलं. उभं राहणं सोडाच, बसवतही नव्हतं. चाकांचं मशीन खाटेशी आलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संगणकाने लाल दाखवलं.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावले. जुन्या फोटोतही वरच्या अंगाला बारीक ठिपके होते, वाळू सांडावी तसे. "तेव्हाच धूळ सुटली असती तर इतक्या झपाट्याने गेलं नसतं. आता..."

"मग संगणकाला दिसलं कसं नाही?" ताईने विचारलं.

संगणक सांभाळणारा मान खाली घालून म्हणाला, "शिकवताना जास्त आजारी माणसांचे फोटो बहुतेक सगळे खाटेवरचे होते. त्याने छातीपेक्षा आडवं-उभंच जास्त लक्षात ठेवलं: आडवा तो आजारी, उभा तो बरा."

भाऊ खाटेवरून हसला, मग खोकत राहिला. "म्हणजे आडवा झाल्यावरच कळलं. आपल्या नातेवाइकांसारखंच की."

ताईने मग येईल त्याला आडवं करून फोटो काढायला सुरुवात केली. सगळे लाल. चालत आलेले, हसत आलेले, सगळे. डॉक्टर रागावले नाहीत, थकलेल्या आवाजात म्हणाले, "एवढ्यांत खरा आजारी मी कुठे शोधू, ताई?" नवं शिकवायला वेळ लागणार होता, किती, ते कोणीच सांगेना. ताई पुन्हा उभ्याचे फोटो काढू लागली. हिरवी खूण आली की आता तिचे हात जुळत नसत.

दुपारी ती भावाच्या उशाशी बसायची. भावजय म्हणायची, "वन्सं, तुमचा दोष नाही." ताई मान हलवायची, हो की नाही ते तिचं तिलाच ठाऊक नसायचं.

एकदा त्याची छाती फारच भात्यासारखी चालली होती. ताईने त्यावर हात ठेवला आणि सवयीने म्हणाली, "श्वास घे. धर."

त्याने आज्ञाधारकपणे ओठ मिटले. ताईने मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

"नाही धरवत गं, ताई," तो धापा टाकत म्हणाला.

नाव अजून अर्धंच झालं होतं.