शिंपीमामांचा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कारखान्यात माझ्या पोटात चक्रं, चुंबक आणि रबरी पट्टा बसवला. भीती नंतर बसली. तरुणपणी मी गाणी म्हणायचो, लोक वाहवा करायचे. मग शिंपीमामांच्या टेबलाखाली माझ्यावर चिंध्या साचल्या. भंगारवाल्याची हाक ऐकली की माझा जीव टांगणीला लागे.

एके दिवशी मामांनी मला पुसून टेबलावर ठेवलं. परदेशातली त्यांची बहीण इस्पितळात होती आणि तिची लहानगी इकडे राहायला येणार होती. तिला फ्रेंचखेरीज काही येत नव्हतं. मामांनी फ्रेंच शिकवणारी कॅसेट आणली. मी वाक्य म्हणे आणि मामा इस्त्री फिरवत माझ्यामागून म्हणत. खिडकी उघडी आहे. कात्री टेबलावर आहे. फ्रेंचमध्ये भूक लागत नाही, ती माणसाजवळ असते. तहान, थंडी, भीती, सगळ्यांचं तसंच.

"भीती काय खिशात ठेवायची वस्तू आहे?" मामी हसल्या. मामा ओशाळले आणि भीतीचं वाक्य गाळू लागले. मला मात्र माझ्या सैल पट्ट्याची धास्ती होती. ऐन वेळी दगा दिला तर?

भाची आली ती थेट टेबलाखाली शिरली. पाणीही घेईना. मामांच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून त्यांनी माझं बटण दाबलं. नेमका तेव्हाच पट्टा घसरला आणि माझ्यातून राक्षसासारखा घोगरा आवाज निघाला. पोरीने कान झाकून घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामांनी मला बंद केलं आणि गुडघे टेकून ते खाली वाकले.

"झे पर," ते म्हणाले. माझ्याजवळ भीती आहे.

तिने कानांवरचे हात काढले. "मुआ ओसी." मलाही.

मग मामांनी भीतीच्या जागी भूक घातली आणि तिला विचारलं, "तु आ फँ?" तिने मान डोलावली. मामी लगबगीने ताट वाढायला गेल्या.

मला वाटलं, आता आपली रवानगी भंगारात. पण मामांनी इलॅस्टिकचा तुकडा पट्टा म्हणून बसवला. माझा आवाज अजून हेलकावतो आणि भाची माझ्या चुका काढते. मित्रांनो, अडखळणाऱ्याला हसू नका आणि जुनं यंत्र फेकण्याआधी एकदा उघडून पाहा.

इस्पितळातून फोन आला की आम्ही सगळेच दचकतो. भाची मामांचा सदरा धरते आणि ते वाक्य म्हणते. मामा म्हणतात, "मुआ ओसी," आणि फोन उचलतात.